बोलका संगणक आणि दृष्टिहीनांचे स्वातंत्र्य

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तीमयाची कथा आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. संत मार्कने ती आपल्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सांगितली आहे. लोकांनी त्या आंधळ्या भिकाऱ्यास गप्प राहावयास सांगितले. प्रभू येशूने मात्र त्यास जवळ बोलाविले आणि प्रथम विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? तो आंधळा आहे हे सर्वांस दिसतच होते. त्यास काय हवे असेल हे तर्काने कोणीही सांगितले असते. तरीही प्रभूने ते त्याच्याच तोंडून ऐकले.

आपल्या कुटुंबांत एखादी दृष्टिहीन व्यक्ती असली म्हणजे तिच्या वतीने बोलण्यास आपण सारेच पुढे असतो. तिचे जेवणखाण, कपडालत्ता, औषधपाणी आपण प्रेमाने पाहतो. परंतु तिला काय हवे, हे विचारावयाचे राहून जाते. कित्येक तरुण दृष्टिहीनांची इच्छा अगदी साधी असते : माझे पत्र मला स्वतःस वाचता यावे आणि त्याचे उत्तर मला स्वतःस लिहिता यावे. ही इच्छा आज पुरी होण्याजोगी आहे, आणि तीही फार खर्च न करता. ती कशी, त्यात अडचणी कोणत्या आणि धर्मग्रामाने त्यात काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पत्र आपले, वाचणारा दुसरा

अमेरिकेत रेव्हरंड थॉमस कॅरोल नावाचे एक कॅथोलिक धर्मगुरू होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांत त्यांनी सेवाकार्य केले. पुढे १९५४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन येथे त्यांनी प्रौढ दृष्टिहीनांसाठी संत पौलाच्या नावाने एक पुनर्वसन केंद्र उघडले. १९६१ साली त्यांचा अंधत्वाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दृष्टी जाते तेव्हा माणूस एकच गोष्ट गमावीत नाही, तर वीस गोष्टी गमावतो, अशी त्यांनी त्यात मांडणी केली आहे. हिंडण्याफिरण्याची मोकळीक, लिहिण्यावाचण्यातील सहजपणा, कामधंदा, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे सामर्थ्य, ही सर्व त्या यादीत आहेत. फादर कॅरोल १९७१ साली निवर्तले. त्यांचे केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या केंद्राचा उल्लेख ह्या लेखात पुन्हा एकदा यावयाचा आहे.

फादर कॅरोल यांचे म्हणणे किती खरे आहे, हे खेड्यात राहणाऱ्यास अधिक कळते. डिचोली तालुक्यातील आमोणे हे मांडवीच्या काठचे गाव घ्या. अशा गावात कोणाच्या घरी काय चालले आहे हे शेजाऱ्यांस ठाऊक असते, आणि अडीअडचणीत तेच शेजारी धावून येतात. ही खेड्याची श्रीमंती होय. परंतु बँकेचे पत्र, दवाखान्याचा अहवाल, आखातात नोकरीस गेलेल्या भावाचा खाजगी निरोप, हे सर्व ज्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, त्याच्या मनाची कल्पना करा. वाचून दाखविलेला निरोप तत्क्षणीच दोघांचा होतो. आणि दोघांचा निरोप चौघांचा व्हावयास गावात वेळ लागत नाही. वाचणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरी ज्याचे पत्र, त्याचे गुपित उरत नाही.

यंत्र बोलते कसे?

दृष्टिहीन मनुष्य संगणक चालवितो हे ऐकून पुष्कळांस अजून नवल वाटते. वस्तुतः त्यातील तत्त्व सोपे आहे. बोलक्या संगणकात तीन गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली कार्यप्रणाली. ती घरासारखी आहे. बाकीची सर्व कामे तिच्या आश्रयाने चालतात. विंडोज ही अशीच एक कार्यप्रणाली होय. दुसरी गोष्ट स्क्रीन रीडर. पडद्यावर काय लिहिले आहे, कोणते बटन कोठे आहे, आपण कोणत्या ओळीवर आहोत, हे तो हेरून शब्दांत मांडतो. तिसरी गोष्ट आवाज. स्क्रीन रीडरने दिलेले शब्द उच्चारून दाखविणारा तो यंत्राचा कंठ होय. उंदीर म्हणून जे उपकरण आपण हातात धरतो त्याची दृष्टिहीनास गरज पडत नाही. तो सर्व कामे कळफलकावरून करतो. आणि सराव झाला म्हणजे इतक्या वेगाने करतो की, पाहणारा थक्क व्हावा.

आता प्रश्न येतो तो पैशाचा आणि मालकीचा. जगभर नावाजलेला एक व्यापारी स्क्रीन रीडर विकत घ्यावयाचा तर कित्येक दशसहस्र रुपये मोजावे लागतात. संगणकाच्या किमतीहून त्यास बोलते करण्याचीच किंमत अधिक, असा हा हिशेब आहे. विंडोजबरोबर एक वाचक फुकट मिळतो हे खरे. परंतु खुद्द विंडोज ही एका कंपनीच्या मालकीची आहे, आणि ती कधी बदलावी, केव्हा बंद करावी, हे ती कंपनी ठरविते. ह्याचा प्रत्यय नुकताच आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा नेहमीचा आधार संपला. धडधाकट चालणारी कितीतरी जुनी यंत्रे पुढची विंडोज ११ स्वीकारण्यास अपात्र ठरली. डोळसांस ही गैरसोय वाटली. दृष्टिहीनाची अडचण मात्र अधिक खोल असते. कारण ज्या कळा त्याने बोटांच्या स्मरणात साठविलेल्या असतात, त्या त्यास नव्याने शिकाव्या लागतात.

सामायिक बांधाचा न्याय

ह्या परावलंबनावर एक उपाय आहे. त्यास मुक्त-स्रोत प्रणाली म्हणतात. संगणकास दिलेल्या आज्ञा ज्या मूळ मजकुरात लिहिलेल्या असतात तो मजकूर येथे गुप्त ठेवलेला नसतो. कोणीही तो वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा आणि दुसऱ्यास द्यावा, अशी उघड परवानगी असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ ह्या नावाने अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ नावाचा गाभा लिहिला. दोहोंच्या मिलाफातून जी प्रणाली जन्मली ती आज जगभर चालते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे.

गोव्याच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडील गावकरी संस्था, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव पडले, ती ह्याच न्यायाने चालत आली. नदीकाठच्या खाजन शेतांचे बांध कोणा एकाचे नव्हते. भरतीचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून सर्वांनी मिळून ते राखावयाचे, आणि त्यांचा लाभही सर्वांनी घ्यावयाचा. सामायिक वस्तू म्हणजे बेवारस वस्तू नव्हे. तिची डागडुजी करणारे हात असले तरच ती टिकते. मुक्त-स्रोत प्रणालीचेही तसेच आहे.

दृष्टिहीनांच्या इतिहासात तर ह्या उदारपणाचा एक थोर दाखला आहे. फ्रान्समधील लुई ब्रेल हे स्वतः दृष्टिहीन होते, आणि पॅरिसच्या सेंट निकोलस-दे-शां ह्या ख्रिस्तमंदिरात ऑर्गन वाजवीत असत. सहा टिंबांची आपली लिपी त्यांनी १८२९ साली प्रथम पुस्तकरूपाने मांडली. आज जगातील कोणतीही शाळा ती लिपी कोणास मोबदला न देता शिकविते. भारतातील भाषांसाठी १९५१ साली जी भारती ब्रेल ठरली, तीही ह्याच सहा टिंबांवर उभी आहे. दृष्टिहीनांची अक्षरे कोणा व्यापाऱ्याच्या कुलुपात नसावीत, हे तत्त्व असे जुने आहे. बोलका संगणक त्यास अपवाद का असावा?

ऑर्काची कथा

लिनक्सवरील सर्वांत परिचित स्क्रीन रीडरचे नाव ‘ऑर्का’. त्याची मूळ कल्पना आणि पहिला नमुना मार्क मलकेही ह्या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञाचा. ते सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीत काम करीत होते. कंपनीने ह्या कामासाठी माणसे नेमली, आणि २००६ साली ऑर्काची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. ती ‘ग्नोम’ ह्या लिनक्सवरील प्रसिद्ध पडदा-व्यवस्थेचा भाग झाली. म्हणजे दृष्टिहीनासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज उरली नाही. घराबरोबरच वाचकही आला.

पुढे २०१० साली सन कंपनी ओरॅकल ह्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि दृष्टिहीनांसाठी चाललेल्या ह्या कामाचा आधार पुष्कळसा निघून गेला. ऑर्का बंद कंपनीची मालमत्ता असता तर त्याची कथा कदाचित तेथेच संपली असती. परंतु त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला होता. आधीपासून स्वेच्छेने त्यात हातभार लावणाऱ्या जोनमेरी डिग्ज यांनी धुरा उचलली आणि इतरांच्या साहाय्याने काम पुढे चालू ठेविले. ह्या बाई फादर कॅरोल यांच्या नावाच्या त्या न्यूटनच्या केंद्रात दृष्टिहीनांस सहायक साधनांचे मार्गदर्शन करीत असत. एका धर्मगुरूने लावलेल्या रोपट्याची सावली अशी लांबवर पडली. बांध फुटण्याच्या वेळी ज्यांनी माती टाकली त्यांत त्या केंद्राचा एक हात होता.

आवाजाची कथाही अशीच आहे. जोनाथन डडिंग्टन ह्या इंग्लिश गृहस्थांनी ‘ईस्पीक’ नावाचा कंठ घडविला आणि तो सर्वांस मोकळा केला. अगदी थोड्या जागेत तो अनेक भाषा बोलतो. त्यांचे काम थंडावल्यावर २०१५ च्या सुमारास रीस डन आदींनी तो ‘ईस्पीक एनजी’ ह्या नव्या नावाने पुढे नेला. त्यात मराठी आहे आणि देवनागरी कोंकणीही आहे. आपल्या भाषांची बाजारपेठ मोठी की लहान, हा हिशेब येथे कोणी मांडला नाही. ज्यास येत होते त्याने ते भर म्हणून घातले. भारतातही आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांचे आवाज तयार केले आहेत.

मुंबईचे उदाहरण

हे सर्व परदेशातील झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून मराठी माणसाचे एक उदाहरण देतो. मुंबईचे श्री. कृष्णकांत माने हे दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ मुक्त प्रणालीचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. लिनक्स आणि ऑर्का यांच्या साहाय्याने दृष्टिहीनांनी संगणक वापरावा, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे ठिकठिकाणी व्याख्याने दिली व प्रात्यक्षिके करून दाखविली. परंतु ते केवळ उपयोग करणारे राहिले नाहीत. ‘ग्नूखाता’ नावाची हिशेब ठेवण्याची मुक्त आज्ञावली त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. लहान दुकानदारांनी आणि संस्थांनी आपली खतावणी त्यात ठेवावी, हा तिचा उद्देश.

वाचकहो, ह्यातील मर्म ध्यानात घ्या. आपण समजतो की, डोळसाने द्यावे आणि दृष्टिहीनाने घ्यावे. येथे दृष्टिहीनाने घडविलेल्या वहीत डोळस माणूस आपला जमाखर्च लिहितो. कुलुपबंद प्रणालीत दृष्टिहीन हा फार तर गिऱ्हाईक असतो. खुल्या प्रणालीत तो कारागीर होऊ शकतो; आपल्या अडचणीवरचा उपाय तो स्वतः शोधतो आणि तो इतरांसही देतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या दृष्टिहीन तरुणानेही हेच केले. स्क्रीन रीडरसाठी एवढे पैसे का मोजावयाचे, ह्या प्रश्नातून त्याने २००६ साली ‘एनव्हीडीए’ नावाचा वाचक लिहावयास घेतला. जेम्स टे हे त्याचे दृष्टिहीन मित्र पुढे त्यास येऊन मिळाले. विंडोजवर चालणारा तो वाचक आज जगभर मोफत मिळतो.

घर बदलण्याची रीत

आता घरातील कोणी दृष्टिहीन मुलगा, मुलगी, भाऊ किंवा वडील अशा प्रणालीकडे वळू इच्छीत असतील, तर काय करावे? आमचे पहिले सांगणे असे की, घाई करू नये. जुने घर पाडून नवे बांधण्याआधी नव्या घरात दोन दिवस राहून पाहावे.

आरंभ आहे त्याच विंडोजवर करावा. एनव्हीडीए मोफत उतरवून घ्यावा. पत्रे आणि अर्ज लिहिण्यासाठी लिबर-ऑफिस, आणि महाजालावर वाचण्यासाठी फायरफॉक्स वापरून पाहावे. ह्या दोन्ही आज्ञावली मुक्त आहेत, आणि लिनक्सवरही जशाच्या तशा मिळतात. त्यांची सवय झाली म्हणजे पुढे प्रणाली बदलली तरी रोजची भांडीकुंडी ओळखीची राहतात.

दुसरी पायरी म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणे. उबुंटू किंवा त्याच जातीच्या प्रणाली संगणकात न भरताही पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतात, आणि पेन ड्राइव्ह काढला की जुना संगणक जसाच्या तसा राहतो. ग्नोमवर ऑल्ट, विंडोजची खूण असलेली कळ आणि एस ही तीन बटने एकदम दाबली की ऑर्का बोलू लागतो. मग इन्सर्ट आणि एच ही बटने एकत्र दाबावीत. अशाने अभ्यासाची अवस्था सुरू होते. ज्या कळेवर बोट पडेल तिचे नाव आणि काम ऑर्का सांगतो, आणि चुकून काही बिघडत नाही. एस्केप दाबले की अभ्यास संपला. पहिला आठवडा केवळ ह्या खेळात गेला तरी चालेल.

केरळमधील मंडळींनी दृष्टिहीनांसाठीच ‘ॲक्सेसिबल कोकोनट’ नावाची एक लिनक्स प्रणाली सिद्ध केली आहे. तिच्यात वाचक, आवाज आणि छापील पान वाचून दाखविणारी साधने आधीच रचून ठेविलेली असतात. केरळच्या शाळांतून तर अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकविला जातो, म्हणून तेथे अशा कामास मनुष्यबळ मिळाले. नारळाचे नाव धारण करणारी ही प्रणाली गोव्याच्या घरांतही रुजावयास हरकत नसावी. गोव्यालाही ह्याची पूर्वपीठिका आहे. परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने चाललेल्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट ह्या उपक्रमाने ह्या शतकाच्या प्रारंभी परदेशांतील वापरलेले संगणक आणून गोव्याच्या शाळांस दिले, आणि त्यांवर लिनक्सचा उपयोग केला होता.

शेवटची पायरी म्हणजे प्रणाली संगणकात कायमची बसविणे. येथे आम्हांस डेबियन ह्या प्रणालीचे विशेष कौतुक वाटते. तिची बसवणी सुरू होताना यंत्र ‘बीप’ असा आवाज करते. तेव्हा इंग्रजी एस हे अक्षर आणि मागोमाग एन्टर दाबले, की पुढील सर्व प्रश्न संगणक वाचून दाखवितो. २०१३ सालच्या आवृत्तीपासून ही सोय आहे. म्हणजे दृष्टिहीन मनुष्य कोणाही डोळसाचे साहाय्य न घेता आपले यंत्र आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः सिद्ध करू शकतो. मात्र बसविण्यापूर्वी आपली सर्व कागदपत्रे, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार यांची दुसरीकडे प्रत काढून ठेवावी, आणि शक्य असल्यास विंडोजही काही महिने शेजारी नांदू द्यावी.

वाटेतील काटे

ही वाट फुलांची आहे असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ईस्पीकचा मराठी आवाज कोरडा आणि यांत्रिक आहे. पहिल्या दिवशी ऐकणाऱ्याचे कान दुखतात. सवयीने तोच आवाज भराभर समजू लागतो. काही बँकांची आणि सरकारी खात्यांची महाजालावरील पाने अशी रचलेली असतात की, तेथे कोणताही वाचक अडखळतो. काही कामे केवळ विंडोजवरच होतात. प्रणालीत मोठे फेरबदल होतात तेव्हा ऑर्कालाही मधूनमधून ठेच लागते. शिवाय गावात विंडोज दुरुस्त करणारा सापडतो, लिनक्स जाणणारा सहसा सापडत नाही.

एक अडचण मात्र आपण स्वतःच निर्माण केलेली आहे. मराठीतील पुष्कळसा मजकूर अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टंकलेला असतो. डोळ्यांस तो देवनागरी दिसतो, पण आत साठविलेली अक्षरे इंग्रजी असतात. त्यामुळे वाचक ती निरर्थक बडबडतो. मजकूर युनिकोडमध्ये असला तरच संगणकास ‘क’ हा ‘क’ म्हणून कळतो. तसेच केवळ छायाचित्र काढून पाठविलेली सूचना दृष्टिहीनास कोऱ्या कागदासारखी असते. टेसरॅक्ट नावाची मुक्त आज्ञावली छापील मराठी ओळखून तिचा मजकूर करू शकते. परंतु पान स्वच्छ नसेल तर तीही चुकते.

गोव्यातील आपल्या समाजास आणखी एक गाठ सोडवावी लागेल. आपली कितीतरी प्रार्थनापुस्तके आणि गायने रोमी लिपीतील कोंकणीत आहेत. देवनागरीसाठी घडविलेला कंठ ती नीट उच्चारू शकत नाही आणि इंग्रजी कंठ त्यांचे हसे करतो. ह्यावर इतिहासाची आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून मराठी काव्य रोमी अक्षरांत छापावे लागले. त्या काळी यंत्रास देवनागरी येत नव्हती. आज ह्या बोलक्या यंत्रास देवनागरी येते, तर आपली रोमी येत नाही. तथापि स्रोत खुला असल्याने, रोमी कोंकणीचे उच्चार जाणणारे कोणी पुढे आले तर त्यांस मनाई करणारा कोणी नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

२०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्या हक्कांसाठी कायदे झाले आहेत. २०१२ साली लेखनहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दृष्टिहीनांस वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तके करण्यास मोकळीक मिळाली. मराकेश येथे २०१३ साली ह्याच हेतूने जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा आला. जानेवारी २०२३ मध्ये पणजीस पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा मोठा मेळावा प्रथम भरला. परंतु कायदा आणि मेळावा घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. तेथे माणसाने जावे लागते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी एक केंद्र उभे राहिले. आपल्या धर्मसंस्थांनी असे काम करावे ही काही नवी गोष्ट नव्हे, हे त्यावरून दिसेल. गोव्यात फोंड्याजवळ ढवळी येथे लोकविश्वास प्रतिष्ठानाची दिव्यांग मुलांसाठी शाळा आहे, आणि राष्ट्रीय अंध संघाची शाखाही गोव्यात आहे. पालकांनी तेथे जाऊन चौकशी करावी. मुलगा मोठा झाला, आता काय शिकणार, असे म्हणून घरी बसू नये.

धर्मग्रामास करता येण्याजोगी कामे तर अगदी थोड्या खर्चाची आहेत. ज्यांच्या घरी विंडोज ११ न स्वीकारणारा जुना संगणक पडून आहे, त्यांनी तो भंगारात न देता धर्मगुरूंच्या स्वाधीन करावा. गावातील महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्यावर लिनक्स बसवून द्यावे. रविवारच्या मिस्सेनंतर तासभर एकाने दृष्टिहीन शिकणाऱ्याजवळ बसावे. बसणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, कळफलकावरील हात शिकणाऱ्याचेच असले पाहिजेत. अडला की त्याच्या हातातून यंत्र ओढून घेणे, हा प्रेमाचा अतिरेक शिक्षणास मारक आहे. धर्मग्रामाच्या सूचना, मिस्सेतील वाचनांचे संदर्भ आणि असली कौटुंबिक पत्रे युनिकोडमधील मजकूर म्हणून पाठवावीत, छायाचित्र म्हणून नव्हे.

आणि हे सर्व करण्याआधी त्या व्यक्तीस विचारावे. कोणास मुक्त प्रणाली आवडेल. कोणास शाळेत शिकलेली विंडोज आणि तीवरील एनव्हीडीए पुरे वाटेल. एखाद्या वयोवृद्ध आजीला फोनवर बोलणारा वाचकच पुष्कळ होईल. निवड त्यांची असावी. आम्ही मुक्त प्रणालीचा पुरस्कार करतो तो ती फुकट आहे म्हणून नव्हे. तिच्यात दृष्टिहीनाचा आवाज दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, आणि जे त्यास मिळाले ते त्याला पुढे दुसऱ्यास देता येते, म्हणून करतो. मांडवीकाठच्या एखाद्या घरी आज ना उद्या कोणी दृष्टिहीन तरुणी आपल्या भावाचे पत्र एकटीने वाचील आणि त्यात काय होते हे कोणास सांगावे, ते स्वतः ठरवील. तेवढे स्वातंत्र्य तिला मिळवून देणे आपल्या हाती आहे.